रविवारची अक्का

सरजाला साखरेचा आजार निघाला तेव्हा ती दहावीत होती, आणि खांबावर सूर मारून गडी बाद करणारी पोरगी म्हणून परभणीच्या शाळांमधून तिचं नाव झालेलं होतं. आधी तहान लागायला लागली. तांब्यावर तांबे रिचवले तरी घसा कोरडाच. मग अंगावरचं मांस उतरलं, शाळेचा ड्रेस खांद्यावरून घसरायला लागला, आणि एका दुपारी ती वर्गातल्या बाकावरून सरळ खाली आली. डोळे उघडले तेव्हा उशाशी डॉक्टर दिनकरराव उभे होते आणि तिचे वडील सिताराम गुरुजी भिंतीला पाठ लावून खालीच बसले होते.

"सुई घ्यावी लागंल, बाळ," डॉक्टर म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ. कायमची."

"आन् खो-खो?" सरजानं विचारलं.

डॉक्टर गुरुजींकडं बघायला लागले. सरजा काय समजायचं ते समजली.

घरी आल्यावर तिनं उच्छाद मांडला. माय, म्हणजे कुसुमबाई, सकाळी काचेची पिचकारी उकळून आणायची आणि सरजा तोंड फिरवून बसायची. इन्सुलिनची बाटली माठाशेजारी ओल्या वाळूत पुरून ठेवलेली असायची, तिच्याकडं ती शत्रूकडं बघावं तसं बघायची. "साखरेनं म्हातारी माणसं मरत्यात," ती म्हणायची. "माझ्या वयाचं एक तरी माणूस दाखवा. एक दाखवा, मग घेते सुई." आणि एके दिवशी तिनं पिचकारी न्हाणीतल्या दगडावर आपटून फोडली. त्या आठवड्यात तिला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं, आणि या खेपेला ती वाचते का नाही याची डॉक्टरांनाच खात्री नव्हती.

ती शुद्धीवर आली तशी गुरुजींनी खबर आणली. त्यांचा चेहरा उजळलेला होता.

"तुला तुझ्यासारखं माणूस पायजे होतं ना? सापडलं. येलदरीला धरणाच्या कॉलनीत एक बाई हायेत. चतुराबाई. लहानपणापास्नं सुई घेत्यात. आन् ऐक, खो-खो खेळलेल्या हायेत, जिल्ह्याच्या संघातून."

"खोटं बोलायलाव तुमी, आबा."

"तूच बोलून बघ. डॉक्टरसाहेबांच्या वळखीच्या हायेत. रविवारी फोन करतो म्हणाल्या."

डॉक्टरांचा दवाखाना गुरुजींच्या गल्लीच्या तोंडाशीच होता. रविवारी तो बंद असायचा. त्या दुपारी सरजा डॉक्टरांच्या टेबलापाशी बसली, पाय हलवत, मनात म्हणत की फोन काही येत नाही. फोन आला.

"काय गं सरजे, पिचकारी फोडलीस म्हनं?" पलीकडून एक भरदार, हसरा आवाज आला. "मी तर तीन फोडल्या होत्या. माझ्या मायनं चौथी पितळंची आनली."

सरजाला हसू आलं. आजार निघाल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती.

तेव्हापासून रविवार म्हणजे अक्का. सुरुवात एकाच प्रश्नानं व्हायची, "आज रंग कोन्ता?" सकाळी लघवीचे थेंब निळ्या औषधात घालून नळी दिव्यावर उकळायची, निळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर सांभाळून, विटकरी झालं तर घोटाळा. सरजा रंग सांगायची आणि अक्का कधी शाबासकी द्यायची, कधी रागवायची. मग खेळाच्या गोष्टी निघायच्या. भर डावात साखर उतरली की पाय कापसाचे होतात, कान बंद होतात, पंचाची शिट्टी विहिरीतून आल्यासारखी वाटते, असं अक्का सांगायची. आपण गुळाचा खडा गालात धरून पाटीवर बसायचो आणि खो मिळाला की तो दाताखाली फोडून उठायचो, असंही सांगायची. सरजानं तसंच करून बघितलं. ओढणीच्या गाठीत गूळ बांधून ती पुन्हा मैदानावर गेली. डॉक्टरांनीही परवानगी दिली, आणि त्यांनी इतक्या सहज दिली याचं तेव्हा तिला नवल वाटलं नाही.

एकदा मात्र वाईट झालं. "अक्का, सुई कुठं घेता तुमी?" तिनं विचारलं. "मांडीतच की," अक्का चटकन म्हणाली. "मांडी मजबूत असती खेळाडूची." सरजानं दुसऱ्या दिवशी मांडीत सुई घेतली आणि सरावाला पळाली. थोड्याच वेळात ती खांबाला धरून खाली बसली आणि तिथंच आडवी झाली. पळणाऱ्या पायात घेतलेलं औषध अंगात भरभर उतरतं, खेळायचं असेल त्या दिवशी दंडात किंवा पोटाला घ्यायचं, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. अक्काला हे कसं ठाऊक नव्हतं? सरजानं स्वतःच तिची बाजू घेतली. ज्याचं त्याचं अंग वेगळं असेल.

अक्काचं लग्न झालेलं होतं. नवऱ्याला लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, "सुई तुला घ्यायचीय, मला कशाची भीती?" दोन लेकरंही होती, दोन्ही धडधाकट. हे सरजानं तिच्याकडून कितीदा तरी सांगून घेतलं होतं. घरात पाहुणे कुजबुजायचे, पोरीचं कसं व्हायचं, कोण करून घेणार, मूलबाळ तरी होईल का. आणि सरजा आतल्या खोलीत निवांत पडलेली असायची. येलदरीला एक बाई आहे, तिला दोन लेकरं आहेत. झालं तर.

एकच सल होता. सरजा कधी म्हणाली, "अक्का, मी येते तुमच्याकडं," की अक्काकडं काहीतरी निघायचं. घरी पाहुणे आहेत. सासूला बरं नाही. नवरा बाहेरगावी आहे. सरजाच्या मनात यायचं ते तिनं कोणाजवळ बोलून दाखवलं नाही. ती बौद्धाची पोर. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, तेव्हा गुरुजी बायको-लेकराला घेऊन गाव सोडून परभणीला आले होते. सरजा लहान होती, पण बैलगाडीत आईनं तिचं तोंड पदरात दाबून धरलं होतं ते तिला आठवत होतं. डॉक्टर पाटलाच्या घरातले, अक्का त्यांच्या ओळखीची. सासू घरात घेत नसेल, अक्काचा बिचारीचा काय दोष, असं म्हणून सरजानं ते पोटात घातलं.

एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर जिल्ह्याच्या मुलींच्या संघाचं शिबिर परभणीतच भरलं. सरजा आता कॉलेजात होती. राज्य स्पर्धा तोंडावर आली होती आणि मार्गदर्शक तात्याराव यांनी तिला पहिल्या नवांत धरलं होतं. संघात तिच्या आजाराची कोणाला गंधवार्ता नव्हती. शिबिरात मुली एकत्र राहायच्या, एकत्र झोपायच्या. पिचकारी उकळणार कुठं आणि टोचणार कुठं? सकाळची सुई ती घरी जाऊन यायच्या निमित्तानं घ्यायची. संध्याकाळची चुकवायला लागली. शिबिराच्या मधल्या रविवारी तिनं ते अक्काला सांगितलं, फक्त अक्काला.

"कुनाला सांगू नका, अक्का. स्पर्धा झाली की घेतेच."

"न्हाई सांगत," अक्का म्हणाली. मग थोडी थांबून म्हणाली, "पन घ्यावी गं सुई."

दुसऱ्या दिवशी सकाळचा सराव चालू होता. सरजानं बघितलं तर मैदानाच्या कडेला गुरुजी. हातात इन्सुलिनचा थर्मास, आणि तात्यारावांशी बोलत होते. तात्यारावांची मान हळूहळू सरजाकडं वळली.

"इकडं ये," ते म्हणाले. "हे मला आधी का सांगितलं नाहीस? उद्या मैदानावर काही झालं तर जिम्मेदारी कोणाची?" त्यांनी तिला राखीव गड्यांत बसवलं. सगळ्या मुली बघत होत्या.

"सरजा, संध्याकाळची सुई तू..." गुरुजी बोलायला लागले.

"तुमाला कुनी सांगितलं?"

गुरुजी थर्मासचं झाकण घट्ट करायला लागले. सरजाला वाटलं, डॉक्टरांनी दाराआडून ऐकलं असणार. दुसरं मनात यायचं कारणच नव्हतं. तिनं ओढणी उचलली, बूट हातात घेतले आणि मैदानाबाहेर पडली ती सरळ बसस्टँडवर गेली. जिंतूरची गाडी लागलेली होती. या जगात तिचं रडणं कळेल असं एकच माणूस होतं, आणि ते आता भेटलंच पाहिजे होतं.

जिंतूरला गाडी बदलून ती येलदरीला उतरली तेव्हा उन्हं चढली होती. धरणाच्या भिंतीकडून पाण्याचा आणि मासळीचा वास येत होता. कॉलनीच्या नळावर एक बाई कपडे पिळत होती.

"चतुराबाई कुठं राहत्यात? खो-खो खेळायच्या त्या."

"खो-खो?" बाई हसली. "आमच्या चतुराबाई? किशनरावांच्या भैन? ते बघ, कोपऱ्यावरचं घर. फोनची तार गेलीय ते."

ओसरीवर खुर्चीत बसून एक बाई सुपात ज्वारी पाखडत होती. बाजूला भिंतीला कुबडी टेकवलेली होती. लुगड्याच्या काठाखालून डावा पाय दिसत होता, मनगटाएवढा बारीक, पाऊल आत वळलेलं. ही अक्काची नणंद असेल, असं सरजाला वाटलं.

"अक्का हायेत का घरात?"

"कोन पायजे?" बाईनं मान वर न करताच विचारलं.

तोच आवाज. भरदार, हसरा. सरजाच्या हातातले बूट खाली पडले. त्या आवाजासरशी बाईनंही वर बघितलं, आणि सूप तिच्या मांडीवरून कलंडलं. ज्वारी ओसरीभर झाली.

"सरजे..."

सरजा पायाकडंच बघत होती. अजूनही तिचं मन अक्काला वाट काढून देत होतं. काही अपघात झाला असेल, लपवलं असेल बिचारीनं.

"पाय कधी झाला असा?"

"ल्हानपनीच. ताप आला होता."

"मग खो-खो?"

चतुराबाई मांडीवरचे ज्वारीचे दाणे वेचायला लागली.

"साखर?"

चतुराबाईनं मान हलवली. न्हाई.

"आन् लेकरं?"

"लग्नच न्हाई झालं गं माझं," ती म्हणाली. "किशनदादाजवळ राहते. परभणीचे डॉक्टर माझे धाकटे भाऊ."

सरजा ओसरीच्या पायरीवर बसली. चतुराबाई सांगत राहिली. दिनकर म्हणाला, पोरगी सुई फोडायलीय, हातची जाईल, तिला तिच्यासारखंच कोणी पाहिजे. लय शोधलं, कोणी सापडेना. मग गुरुजींनी आणि त्यानं मिळून ठरवलं. दोन-चार रविवार बोलायचं, पोरगी सावरली की सोडून द्यायचं. काय बोलायचं ते दिनकर आदल्या दिवशी फोनवर सांगायचा. साखर उतरल्यावर काय होतं, गूळ केव्हा खायचा.

"मांडीत सुई घ्यायचं पन त्यांनीच सांगितलं?"

"न्हाई. तू एकाएकी विचारलंस. माझ्या तोंडाला आलं ते बोलले. तू पडलीस कळल्यावर मला जेवन गेलं न्हाई."

"नवरा? लेकरं?"

"ते बी माझ्याच मनचं."

"आन् मी सांगितलेलं? सगळं आबाला जात होतं?"

"दिनकर विचारायचा. काल तर मीच आपनहून सांगितलं. तुझ्या जिवाला धोका होता, सरजे."

"मला वाटायचं, आमच्या जातीमुळं तुमी मला घरी बोलवंनात," सरजा म्हणाली. "ते सुदीक मी पोटात घातलं होतं."

"आगं न्हाई! तसं न्हाई! तू आली असतीस तर हा पाय..."

चतुराबाई खुर्चीच्या हाताला धरून उठू बघत होती. सरजाला तिचे शब्द नीट ऐकू येईनात. सकाळपासून पोटात काही नव्हतं. घरी घेतलेली सुई आणि त्यावर सराव. हात थरथरायला लागले. कपाळावर घाम आला, ओसरीवरची ज्वारी दोन-दोन दिसायला लागली. ओढणीची गाठ चाचपली तर रिकामी.

"रागावू नको गं," चतुराबाई म्हणत होती. "मार मला पाहिजे तर. पन अशी थरथरू नको."

सरजानं तिच्याकडं बघितलं. इतकी वर्षं फोनवर तिला कापसाचे पाय समजावून देणारी ही बाई, आणि समोर साखर उतरलेलं माणूस बसलेलं तिला ओळखू येत नव्हतं. तिला तो राग वाटत होता. फसवलं गेल्याचं दुःख सरजाला तोवर नुसतं कळलं होतं. ते काळजाला लागलं या घडीला.

"साखर आना," ती कशीबशी म्हणाली. "मूठभर."

चतुराबाई कुबडी ओढत आत गेली. डबा पडल्याचा आवाज आला. ती आली तेव्हा तिची मूठ साखरेनं भरलेली होती आणि निम्मी साखर वाटेत सांडलेली होती. सरजानं ती तिच्या हातातूनच खाल्ली. दुसरा इलाज नव्हता. अंगात जीव आला तशी ती उठली, बूट घातले आणि मागं न बघता रस्त्याला लागली. "सरजे, भाकर तरी खाऊन जा," असं मागून ऐकू येत राहिलं.

दिवेलागणीला ती घरी पोचली. गुरुजी दारातच उभे होते.

"कुठं गेली होतीस? जीव टांगणीला लागला होता आमचा."

"येलदरीला."

गुरुजींच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. कुसुमबाई चुलीपुढून उठून आली, आणि तिच्या बघण्यावरून सरजाला कळलं की मायलाही ठाऊक होतं.

"सरजा, ऐक माझं," गुरुजी म्हणाले. "तू सुई घ्यायला तयार नव्हतीस. पोटची पोर डोळ्यांदेखत चालली होती. मला दुसरं काही सुचलं नाही. जगलीस ना तू? मग एवढी काय गलती केली मी?"

"मी कुनाकडं बघून जगले, आबा?" सरजा म्हणाली. "ती बाई हायेच कुठं? तिला लेकरं हायेत म्हणून मला वाटलं मलाबी होतील. आता कुनाला विचारू? गावात आपल्यावर काय गुदरलं ते तुमी मला ल्हानपनापास्नं खरंखरं सांगितलं. कुनी दार लावून घेतलं तेबी सांगितलं. मग हेच का न्हाई सांगितलं? तुझ्यासारखं कुनी सापडलं न्हाई, तू एकलीच हायेस, एवढंच म्हणायचं होतं."

"तेव्हा ते ऐकून तू सुई घेतली असतीस?"

सरजा आत गेली, पिचकारी स्वतः उकळली आणि दंडात सुई घेतली. आई मदतीला पुढं आली तर तिचा हात तिनं हळूच बाजूला केला.

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर गेली. मुली डबे खात बसल्या होत्या. ती मधोमध जाऊन उभी राहिली.

"काल तुमाला दुसऱ्याच्या तोंडून कळलं. आता माझ्या तोंडून ऐका," ती म्हणाली, आणि तिनं सगळं सांगितलं. सुई, रंग, गूळ. साखर उतरली की आपण कशा दिसतो, कपाळाला कसा घाम येतो, तेव्हा काय करायचं. सांगताना तिला जाणवलं की यातलं निम्मं अक्काच्याच शब्दांत बाहेर पडत आहे, आणि ते तिला गिळताही येईना, टाकताही येईना.

संघाची कप्तान चांगुणा ऐकत होती. "म्हंजे तू गूळ यासाठी खात होतीस?" ती म्हणाली. "आमी तुला खादाड म्हणायलाव इतके दिवस!" मुली हसल्या, सरजाही थोडी हसली. चांगुणानं तात्यारावांकडं जाऊन रदबदली केली. त्यांनी लगेच काही ऐकलं नाही. पण राज्य स्पर्धेत उपांत्यपूर्व सामन्यात एक मुलगी पाय मुरगळून बसली आणि त्यांना सरजाला उतरवावं लागलं. चांगुणाच्या कमरेला गुळाची पुरचुंडी होती. तो सामना त्यांनी जिंकला, पुढचा एका गुणानं घालवला. परभणीला परत येताना मुली गाडीत रडत होत्या. सरजाला मात्र झोप लागली होती.

रविवारी दवाखान्यातला फोन वाजत राहायचा, असं तिला गल्लीतल्या लोकांकडून कळलं. मग तो वाजायचा बंद झाला. डॉक्टर दिनकरराव एकदा घरी आले, खुर्चीच्या कडेवर बसले, म्हणाले, "सरजा, मी डॉक्टर म्हणून केलं. माणूस म्हणून चुकलो असेन." तिनं त्यांना चहा दिला, आणि पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या डॉक्टरकडं जायला लागली.

उन्हाळ्यात कुबडी टेकत चतुराबाई स्वतः आली. जिंतूरहून गाडीत उभी राहून आली होती. बारीक पायावर सूज होती. सरजानं तिला बाजेवर बसवलं, पाणी दिलं, पायाखाली उशी सरकवली.

"मी खोटं बोलले," चतुराबाई म्हणाली. "पन तू फोनवर हसलीस की मला दिवसभर ते पुरायचं. तेवढं खोटं नव्हतं."

"असंल," सरजा म्हणाली.

"मग रविवारी करू फोन? आता खरंखरं बोलू. मी लंगडी, तू साखरंची."

सरजाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आवाजासाठी ती अजून तडफडत होती, आणि म्हणूनच तिचा संताप झाला.

"नका करू," ती म्हणाली. "तुमचा आवाज आला की मला माझी अक्काच आठवती. ती न्हाई हे मला दर रविवारी नव्यानं कळंल."

चतुराबाईनं मान डोलावली. सरजा तिला बसस्टँडपर्यंत पोचवायला गेली, गाडीत जागा धरून दिली, आणि गाडी हलायच्या आत परत फिरली.

गुरुजींशी बोलणं काही महिन्यांनी सुरू झालं. जेवलीस का, परीक्षा कधी, छत्री घेऊन जा. पण आतलं काही ती त्यांना पुन्हा सांगत नसे. पुढं ती पूर्णेच्या बाजूला एका शाळेत खेळाची बाई म्हणून लागली. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, त्या दिवशी गुरुजी तिच्या शाळेत पेढे घेऊन आले. म्हातारे झाले होते. सरजानं त्यांच्यासमोर पेढ्याचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"चालंल ना गं तुला?" त्यांनी विचारलं. "आज रंग कोणता होता?"

"ठीक होता," ती म्हणाली, आणि मैदानावर मुली थांबल्या होत्या तिकडं निघाली.